जुन्या गाडीत पावसाचं पाणी येतंय? गळती शोधायची आणि बंद करायची रीत

जुन्या गाडीत पावसाचं पाणी यायला लागलं की बहुतेक जण सिलिकॉनची नळी आणतात, पुढच्या काचेच्या कडेनं फिरवतात आणि काम झालं म्हणून मोकळे होतात. पुढच्या पावसात पायाखाली पुन्हा डबकं. पाणी जिथं साचलेलं दिसतं तिथून ते क्वचितच आत आलेलं असतं. छताच्या शिवणीतून शिरलेला थेंब खांबाच्या आतून उतरतो, वायरिंग धरून पुढं सरकतो आणि भलतीकडंच टपकतो. म्हणून आधी पाण्याची वाट शोधायची, मग ती बुजवायची. हा क्रम पाळलात तर बऱ्याच गळत्या घरच्या घरी, थोड्या पैशांत बंद होतात. मी हे सगळं माझ्या जुन्या हॅचबॅकवर केलंय, नंतर नातेवाइकांच्या आणि शेजारच्या गाड्यांवरही.

आपल्या खान्देशात पाऊस कोकणाइतका नाही, तरी इथल्या जुन्या गाड्या गळतात. त्याचं मूळ उन्हाळ्यात आहे. जळगाव-भुसावळकडं मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात दिवसभर उभ्या असलेल्या गाडीचं दारांचं रबर कडक होतं, दबून बसतं, कोपऱ्यांत तडकतं. छताच्या शिवणीत भरलेला सीलंट सुकून भेगाळतो. त्यात कडुनिंबाची पानगळ, कापसाच्या दिवसांत उडणारी रुई आणि शेतरस्त्याची काळी माती. पाणी वाहून जायला गाडीत ज्या वाटा ठेवलेल्या असतात, त्यांत हे सगळं जाऊन बसतं. मग पाऊस आला की दोष उघडा पडतो, इतकंच.

या कामाला सगळ्यात चांगले दिवस म्हणजे आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यापासून मृग लागेपर्यंतचे, म्हणजे ७-८ जूनच्या आतले. ऊन कडक असतं, भिजलेलं सामान लवकर वाळतं आणि सीलंटला कोरडी जागा मिळते. पावसाळा सुरू झाला असेल तरी थांबू नका. गळती शोधायचं काम पावसातही होतं. चिकटवायच्या कामाला मात्र उघडीप बघावी लागते.

१. पाणी पावसाचंच आहे ना?

गाडीत पाणी दिसलं म्हणजे ते पावसाचंच असं नाही. पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी ओल असेल तर तीन शक्यता असतात.

पहिली एसीच्या पाण्याची. एसी चालू असताना आत जे पाणी सुटतं ते एका बारीक नळीतून गाडीखाली पडतं. दमट हवेत एसी लावून गाडी उभी केली की खाली थेंब दिसतात, ते हेच. ही नळी धुळीनं भरली किंवा कुंभारीण माशीनं तिच्यात मातीचं घर केलं की पाणी उलटं आत येतं. ते स्वच्छ असतं, त्याला वास नसतो आणि एसी न लावता चार दिवस गाडी चालवली तर येत नाही. नळीचं तोंड गाडीखाली, इंजिनच्या मागच्या भिंतीपाशी असतं. ते मोकळं केलं की काम संपलं.

दुसरी शक्यता हीटरच्या गळतीची. हे पाणी म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं द्रव. हिरवं किंवा गुलाबीसर, बोटांना चिकट लागणारं, गोडसर वासाचं. सोबत पुढच्या काचेवर आतून तेलकट वाफ धरते आणि कूलंटच्या टाकीतली पातळी उतरत जाते. असं असेल तर गळती शोधणं बाजूला ठेवा आणि गाडी मेकॅनिककडं न्या, कारण इंजिन तापून मोठा खर्च निघू शकतो.

या दोन्ही नसतील तर पाणी पावसाचं.

गाडी पुराच्या किंवा नाल्याच्या पाण्यात उभी होती का, तेही विचारात घ्या. त्या गाडीत आत गाळाची रेघ दिसते. तिचा प्रश्न वेगळा आहे, आणि इंजिनमध्ये पाणी गेल्याची शंका असेल तर चावीसुद्धा फिरवू नका.

२. सामान आणि कागद

फार काही लागत नाही. घरातलं बरंचसं चालतं:

- चांगल्या उजेडाची टॉर्च, शक्यतो कपाळाला बांधायची
- बागेला पाणी घालायचा पाईप आणि चालू नळ
- जुनी वर्तमानपत्रं, कोरडी सुती फडकी
- अंगाला लावायची पावडर किंवा खडूची भुकटी
- भांडी घासायचा लिक्विड साबण आणि फवाऱ्याची बाटली
- पाने, स्क्रू-ड्रायव्हर, आणि दाराचं पॅड काढायला प्लॅस्टिकची पट्टी (लोखंडी पट्टीनं क्लिपा तुटतात आणि रंग उडतो)
- गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी, नळ्या साफ करायला
- ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा सीलंट, गंज खरवडायला पॉलिश पेपर, गंजरोधक प्रायमर
- साथीला एक माणूस. एकट्यानं हे काम धड होत नाही

कागदांमध्ये आरसीचा फोटो जवळ ठेवा. बीडिंग (दार-डिक्कीच्या कडेचं रबर) किंवा टेललाइटचं गॅस्केट (दिव्यामागचं पॅकिंग) घ्यायला गेलात की दुकानदार मॉडेल आणि बनावटीचं साल विचारतो. एकाच नावाच्या गाडीत सालागणिक पार्ट बदलतो. आधी कुणी काच बदलली असेल, सीएनजी किट किंवा सेंट्रल लॉक बसवलं असेल तर त्याची बिलं शोधा. गळती तिथूनच निघाली तर उपयोगी पडतात. विम्याची पॉलिसीही एकदा वाचून घ्या, पण झिजेमुळं झालेल्या गळतीचा खर्च विमा देत नाही हे धरून चला.

३. आतून गाडी उघडी करा

इथं टाळाटाळ चालत नाही. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत मूळ कार्पेटवर रेक्झिनचं लॅमिनेशन मारलेलं असतं. धूळ-माती पुसायला ते सोयीचं, पण गळतीच्या बाबतीत घातक. वरून फरशी कोरडी दिसते आणि खाली कार्पेट, त्याच्याखालचा फोम किंवा जूट महिनोन्‌महिने पाणी धरून बसतात. गाडीत कुबट वास येत असेल, सकाळी काचा आतून धुरकट होत असतील, तर वरचं मॅट कोरडं आहे म्हणून फसू नका. लॅमिनेशनचा कोपरा उचला, कार्पेटखाली हात घाला आणि फोम दाबून बघा.

सीट काढावी लागली तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि थोडा वेळ थांबा. सीटखाली पिवळ्या रंगाचं कनेक्टर दिसलं तर ते एअरबॅगच्या यंत्रणेचं असतं. त्याच्याशी खेळू नका, ती सीट जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या. बऱ्याच गाड्यांत वायरिंगचा मोठा जुडगा फरशीवरूनच जातो आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) डॅशबोर्डखाली असतो. ओल तिथवर पोचली असेल तर कनेक्टर हिरवट पडलेत का तेही बघा.

कार्पेट बाहेर काढून उन्हात टाका. उघडा पडलेला पत्रा पुसून पूर्ण कोरडा करा. ओल्या पत्र्यावर नवी गळती दिसत नाही.

४. पाणी मारून वाट शोधा

कोरड्या पत्र्यावर, चारी पायांच्या जागी आणि डिक्कीत वर्तमानपत्रं अंथरा. जिथून पाणी येतंय असा संशय आहे, तिथं खांबाच्या आणि डॅशखालच्या पत्र्यावर पावडर भुरभुरवा. पाण्याचा थेंब पावडरीतून गेला की स्वच्छ रेघ सोडतो आणि ती रेघ तुम्हाला उलट्या दिशेनं थेट भोकापर्यंत नेते. एका गाडीत ड्रायव्हरच्या पायाशी पाणी साचत होतं. पावडर टाकल्यावर रेघ दिसली ती फ्यूजबॉक्सच्या मागून आलेली. तिथून ती वायरीच्या जुडग्यावर, जुडग्यावरून खांबाच्या आत, आणि खांबाच्या वर अँटेनाच्या बुडाशी चिरलेलं रबर. पाणी पायाशी, भोक डोक्याच्या वर.

आता एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, काचा-दारं बंद. दुसऱ्यानं बाहेरून पाईपनं पाणी सोडायचं. यात तीन पथ्यं कटाक्षानं पाळा.

पाणी खालून वर न्या. आधी दाराचा खालचा भाग, मग काचेची खालची कड, मग पुढची काच, सगळ्यात शेवटी छत. आधीच छतावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

एका जागी थांबा. प्रत्येक भागावर पाच-दहा मिनिटं धार राहू द्या. पाण्याला आतल्या पोकळ्या भरून ओसंडायला वेळ लागतो. घाईनं पाईप फिरवला की गाडी पास झाल्यासारखी वाटते आणि रात्रीच्या पावसात पुन्हा गळते.

धार मंद ठेवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा वापरू नका. त्या जोरानं चांगलं रबरही पाणी आत सोडतं आणि तुम्ही नसलेली गळती बुजवत बसता.

गळती गाडी सपाट जागी असताना येत नसेल तर चढ-उतारावर उभी करून पाणी मारा. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना पाणी येतं, घरी कितीही पाणी मारा येत नाही, अशी तक्रार असते ती यामुळंच. चढावर पाणी मागं धावतं आणि सपाट जागी कोरडी राहणारी फट भिजते.

पाण्यानं पत्ता लागला नाही तर हवेनं लागतो. ब्लोअर पूर्ण वेगात, बाहेरची हवा आत घेण्याच्या स्थितीत ठेवा, सगळ्या काचा बंद. बाहेरून रबरांवर, शिवणींवर साबणाचं पाणी फवारा. जिथून हवा बाहेर पडते तिथं बुडबुडे येतात. जिथून हवा जाते तिथून पाणीही येऊ शकतं. मागच्या बंपरच्या आड हवा बाहेर जायचे झडपेसारखे मार्ग असतात, तिथले बुडबुडे मात्र दोष समजू नका. अंधारात आत टॉर्च लावून बाहेरून बघितलं तर मोठ्या फटी उजेडानंही दिसतात.

आमच्याकडचे एक जुने डेंटर काका गिऱ्हाइकानं सीलंट मारायला सांगितलं की एकच उत्तर देतात, "भाऊ, पानी कथाईन ई राह्यनं ते पहिले देखा." म्हणजे, पाणी कुठून येतंय ते आधी बघा. ही पाहणी पूर्ण होईपर्यंत ते सीलंटच्या नळीला हात लावत नाहीत. तुम्हीही लावू नका.

५. वायपरखालची जाळी: सुरुवात इथूनच

पाणी डाव्या पायाशी असेल तर सगळ्यात आधी इथं बघा. पुढच्या काचेच्या खाली, वायपरपाशी जी काळी प्लॅस्टिकची जाळी असते तिच्याखाली एक लांब पन्हाळ असतो. काचेवरचं सगळं पाणी त्यात पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकांच्या मागं खाली निघून जातं. ब्लोअर ज्या तोंडातून बाहेरची हवा घेतो ते तोंडही याच पन्हाळात असतं, थोडं उंचावर. भोकं तुंबली की पाणी चढतं, त्या तोंडातून ब्लोअरमध्ये ओतलं जातं आणि डाव्या पायाशी उतरतं. ब्लोअर लावल्यावर पाणी घुसळल्यासारखा आवाज येत असेल तर हेच समजा.

कडुनिंबाखाली गाडी लावणाऱ्यांनी हे दरवर्षी तपासायला हवं. फाल्गुन-चैत्रात पानं गळतात, पावसाच्या तोंडावर लिंबोळ्या पडतात. जाळीतून आत गेलेली पानं धुळीत कुजून त्यांचा काळा लगदा होतो. जाळी काढली की तो दोन्ही टोकांना घट्ट बसलेला दिसतो. वायपरचे हात काढून, क्लिपा सोडवून जाळी उचला. लगदा हातानं काढा, आधी पाणी मारू नका, नाहीतर तो भोकातच ढकलला जातो. मग नायलॉनची दोरी हळूहळू फिरवत भोक मोकळं करा. लोखंडी तार घालू नका. आत रबरी नळी असेल तर ती फाटते किंवा निसटते, आणि मग बाहेर जाणारं पाणी आत यायला लागतं. शेवटी तांब्याभर पाणी ओता. दोन्ही बाजूंनी खाली धार पडली पाहिजे.

पुढच्या चाकावरचं प्लॅस्टिकचं आवरण काढता आलं तर तेही काढा. फेंडर आणि बॉडीच्या मधल्या जागेत काळी माती थापून बसलेली असते. ती फुगते, ओल धरते आणि दाराच्या बिजागरीमागचा पत्रा आतून खाते. इथली माती खरवडून काढणं हे कंटाळवाणं काम आहे, पण गाडीचं आयुष्य वाढवणारं आहे.

सनरूफ असलेली जुनी गाडी असेल तर त्याच्या कोपऱ्यांतून उतरणाऱ्या नळ्याही अशाच तुंबतात. त्याही नायलॉनच्या दोरीनंच साफ करायच्या.

६. दारं

दाराच्या आत पाणी जाणं हा दोष नाही, हे आधी समजून घ्या. काचेच्या बाहेरच्या पट्टीतून थोडं पाणी नेहमीच दारात उतरतं आणि दाराच्या बुडाच्या भोकांतून बाहेर पडतं. ते गाडीत येऊ नये म्हणून दाराच्या पत्र्यावर, पॅडच्या मागं, प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. गळतीचं घर म्हणजे हा पडदा. स्पीकर, पॉवर विंडो, सेंट्रल लॉक बसवताना तो फाडला जातो आणि पुन्हा नीट चिकटवायची तसदी बहुतेक ठिकाणी कुणी घेत नाही. तुमच्या गाडीत यातलं काहीही बाहेरून बसवलेलं असेल तर दाराचं पॅड काढून बघाच.

पडदा फाटला असेल तर जाड प्लॅस्टिक मापानं कापून नवा करा. कडेनं जुना चिकट डिंक काढा, पत्रा थिनरनं पुसा, ब्युटाइल टेप सलग लावा, मध्ये तोडू नका. पडद्याची खालची कड दाराच्या आतल्या खाचेत गेली पाहिजे, म्हणजे पडद्यावरून ओघळणारं पाणी परत दारातच पडतं. ही कड बाहेर राहिली तर बाकी सगळं चिकटवून उपयोग नाही. सेलोटेप, फेव्हिकॉल, पॅकिंगचा टेप इथं टिकत नाही; आपल्या पहिल्या उन्हाळ्यातच सुटतो.

दार उघड-झाप करताना आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला तर बुडाची भोकं बंद आहेत. काडीनं मोकळी करा. अंडरकोटिंग मारताना कुणी ती बुजवली असतील तर उघडा. नाहीतर दार खालून सडतं.

आता रबराचं बीडिंग. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. जिथं ती सहज निघते तिथं रबर दाबलं जात नाही. दाराच्या चौकटीभोवती असं फिरत जा आणि जागा खडूनं खुणवा. सगळीकडं पट्टी सैल निघाली तर रबर गेलंय. फक्त वरच्या मागच्या कोपऱ्यात सैल असेल तर बहुधा दार लोंबलंय. ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागऱ्या झिजल्या की असं होतं. तिथं नवं रबर घालून फायदा नाही, डेंटरकडून दार बसवून घ्या.

बीडिंग बदलताना मूळ मापाचंच घ्या. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, झेन आणि तिच्या काळातल्या काही गाड्या त्याआधीच बंद झाल्या, त्यामुळं शोरूममध्ये प्रत्येक पार्ट मिळेलच असं नाही. मग जळगाव-धुळ्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून मीटरवर मिळणारं रबर घ्यावं लागतं. जुन्या रबराचा वीतभर तुकडा कापून सोबत न्या आणि त्याचा छेद जुळवून बघा. पोकळ भागाचा आकार आणि पकडीची खाच दोन्ही जुळले पाहिजेत. बसवताना ते ताणू नका. ताणून बसवलेलं रबर आखडतं आणि कोपऱ्यात उघडं पडतं. जोड चौकटीच्या खालच्या बाजूला येऊ द्या.

एक विनंती: वॉशिंग सेंटरवर गाडी धुतल्यावर डिझेल मारून देतात, ते घेऊ नका. दाराच्या रबराला डिझेल, इंजिन ऑइल, कुठलंही खनिज तेल चालत नाही. रबर फुगतं आणि सैल पडतं. चमक हवी असेल तर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. त्यानं रबर मऊ राहतं.

७. पुढची काच

काचेतून गळत असेल तर छताच्या कापडाची पुढची कड डागाळते, खांबाचं आवरण आतून ओलं लागतं. अँबॅसिडर, ओम्नीसारख्या जुन्या बांधणीच्या गाड्यांत काच रबराच्या चौकटीत बसते. तिथं रबराचा ओठ उचलून आत न सुकणारा, मऊ राहणारा ग्लास सीलंट भरता येतो. नंतरच्या गाड्यांत काच पीयूनं बॉडीला चिकटवलेली असते. तिची गळती वरून सीलंट फिरवून खरी थांबत नाही. काच काढून पुन्हा बसवणं हाच इलाज.

घरातलं साधं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते पत्र्याला लावू नका. सुकताना त्यातून निघणारं आम्ल पत्र्याला गंज आणतं, आणि त्याच्यावर नंतर पीयूसुद्धा नीट धरत नाही. एम-सील इथं चालत नाही. ते दगडासारखं कडक होतं, बॉडी रस्त्यावर हलते आणि ते तडकतं.

काचवाल्याकडं जाताना दोन गोष्टी आधी बोलून घ्या. जुनी काच काढताना फुटली तर पैसे कुणी द्यायचे, आणि काचेच्या चौकटीला गंज निघाला तर तो खरवडून प्रायमर मारूनच नवी काच बसवणार ना. गंजावर पीयू लावलं तर गंजासकट सुटून येतं. काच बसवल्यावर ती किती वेळात पक्की होते हे त्यालाच विचारा, कारण ते सीलंटवर अवलंबून असतं. तोवर दाराच्या काचा बोटभर खाली ठेवा. सगळं बंद असताना दार आपटलं की आतली हवा ताज्या काचेला बाहेर ढकलते.

८. छत

छताच्या दोन्ही कडांना लांब काळ्या पट्ट्या असतात. त्यांच्याखाली पत्र्याचे जोड आणि त्यांत भरलेला सीलंट. पट्टी हळूच उचला. सीलंट भेगाळलेला, पापुद्रे सुटलेला दिसला तर सगळा खरवडून काढा, गंज साफ करा, प्रायमर द्या, पीयू सीलंट भरा, वर रंगाचा हात. जुन्यावरच नवा थर देऊन भागत नाही. कॅरिअरचे बोल्ट आणि अँटेनाचं बूड याच वेळी तपासा. अँटेनाचं रबर स्वस्तात मिळतं आणि गळती मात्र मोठी करतं.

९. डिक्की

स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा. जुनी गाडी विकत घेतानाही हीच जागा पहिली बघावी. तिथं पाणी किंवा गंजाची रेघ असेल तर गाडी बराच काळ गळतेय. टेललाइट काढून गॅस्केट तपासा, ते चपटं पडलेलं असतं. डिक्कीचं बीडिंग कागदाच्या पट्टीनंच तपासा. मागून ठोकर बसून डेंटिंग झालेली गाडी असेल तर पत्र्याच्या जोडांवर सीलंट मारला आहे का ते बघा. रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी पाडलेलं भोकही बघा. हॅचबॅकमध्ये मागच्या वायपरला पाणी नेणारी नळी छताच्या कापडामागून जाते. मागचा वॉशर वापरल्यावरच कापड ओलं होत असेल तर ती नळी निसटलीय.

डिक्कीत माणूस बसवून झाकण लावू नका. मागची सीट पाडून आतून टॉर्चनं बघा.

सीएनजी किटवाल्यांनी इकडं नीट लक्ष द्यावं. टाकीच्या स्टँडचे बोल्ट डिक्कीचा पत्रा भेदून जातात, चाकांचं पाणी खालून त्या भोकांतून उडतं. बोल्टभोवती सीलंट लावायला हरकत नाही. पण टाकीच्या व्हॉल्व्हपासून डिक्कीच्या फरशीतून बाहेर जाणाऱ्या नळ्या कधीही बुजवू नका. गॅस गळला तर तो गाडीबाहेर जावा म्हणून त्या ठेवलेल्या असतात. त्या ढिल्या किंवा फाटलेल्या दिसल्या तर किट बसवणाऱ्या अधिकृत केंद्राकडूनच दुरुस्त करून घ्या.

१०. इंजिनमागची भिंत आणि फरशी

इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्यातून वायरिंग, क्लच केबल, बॉनेटची केबल आत येतात. प्रत्येक भोकाला रबराचं ग्रोमेट, म्हणजे कडेची रिंग, असतं. शेताजवळ, धान्याच्या कोठीजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदीर ते कुरतडतात. पाणी फक्त साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यावर येत असेल, पावसात उभ्या गाडीत येत नसेल, तर फरशीच्या भोकांची रबरी बुचं पडलीत का बघा. नवीन ग्रोमेट आणि बुचं स्वस्त असतात.

११. वाळवण आणि गंज

गळती बंद केली म्हणून कार्पेट लगेच परत टाकू नका. वरचं कापड हाताला कोरडं लागलं तरी खालचा फोम ओला असतो. तो वेगळा काढून उन्हात उलटापालटा करा. पावसाळ्यात ऊन नसेल तर घरात पंख्याखाली टाका, आणि गाडीत एसी लावून हवा आतल्या आत फिरवा. फोम कुजून वास धरला असेल तर नवा टाकलेला बरा.

फरशीचा गंज टोकदार वस्तूनं टोचून बघा. वरवरचा असेल तर खरवडून प्रायमर आणि रंग. टोक आरपार गेलं तर पत्रा वेल्डिंगनं बदलावा लागेल. वर फायबर किंवा डांबर थापून झाकलेला सडका पत्रा आत सडतच राहतो. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण करताना आरटीओत गाडी प्रत्यक्ष तपासली जाते, तेव्हा असा पत्रा नडतो.

कार्पेटखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि दोन मोठे पाऊस जाऊ द्या. कागद कोरडे निघाले की मगच सगळं पक्कं बसवा. रेक्झिनचं लॅमिनेशन पुन्हा मारू नका. काढता-घालता येणारे सुटे मॅट पुरतात.

१२. गाडी कामाला देताना

काच, छताची शिवण, वेल्डिंग ही कामं बाहेर द्यावी लागतात. देताना "पाणी येतंय, बघा" असं मोघम सांगू नका. पावडरीतल्या रेघेचे, ओल्या जागांचे फोटो दाखवा, कुठं पाणी मारल्यावर किती वेळानं आत आलं ते सांगा. नाहीतर गॅरेजवाला जी जागा सोपी, तीच बुजवतो. अंदाजे खर्च लिहून घ्या आणि त्यात कुठला सीलंट वापरणार ते लिहायला सांगा. "सगळीकडून मारून देतो" म्हणणाऱ्याकडं गाडी सोडू नका. चुकीच्या जागी मारलेला सीलंट पाणी बाहेर जायची भोकंही बंद करतो आणि पुढच्या माणसाचं काम अवघड करतो. गाडी ताब्यात घेताना तिथंच पाईपनं पाणी मारून दाखवायला सांगा, स्वतः आत बसा आणि हात फिरवून बघितल्यावरच पैसे द्या.